खालून कापलेल्या आठ ओळी

१४ जुलै १९८५, रविवार. माझी रात्रपाळी होती. आमच्या दैनिकाचं ऑफिस तेव्हा रविवार कारंजाच्या मागे एका जुन्या वाड्यात होतं. माडीवर संपादकीय विभाग, खाली छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे आणि छपाईचं यंत्र. दिवसभर झड लागलेली, वाड्याच्या चौकात पाणी साचलेलं, आणि तारेने येणाऱ्या बातम्या कागदावर उतरवणाऱ्या टेलिप्रिंटरच्या खोलीचं दार ओढून घेतलं तरी त्याची खडखड टेबलापर्यंत यायची. मी चोवीस वर्षांचा, उपसंपादक म्हणून कायम होऊन जेमतेम चार महिने झालेले. टेलिप्रिंटरवरचे परदेशच्या बातम्यांचे कागद फाडून आणायचे, घेण्यासारखं निवडायचं आणि भराभर मराठी करून खाली पाठवायचं, हे माझं काम.

आदल्या दिवशी लंडनच्या वेम्बली मैदानावर आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला एकाच वेळी 'लाइव्ह एड' हा गाण्यांचा प्रचंड कार्यक्रम झाला होता, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी. बॉब गेल्डॉफ आणि मिज युर या दोन गायकांनी तो उभा केलेला. वेम्बलीत ७२ हजार माणसं, फिलाडेल्फियात त्याहून जास्त, सोळा तास गाणी, उपग्रहावरून जगभर प्रक्षेपण आणि दीड अब्जाहून अधिक प्रेक्षक असा अंदाज. फिल कॉलिन्स हा गायक लंडनमध्ये गायला आणि कॉन्कॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून त्याच दिवशी फिलाडेल्फियातही गायला. हे सगळं मराठीत उतरवताना मी अक्षरशः भारावून गेलो होतो. नाशिकच्या वाड्यात कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली बसून अख्ख्या जगाच्या करुणेची बातमी आपण लिहितोय असं वाटत होतं. मथळा दिला, 'भुकेल्यांसाठी जगाचा जलसा'. पहिल्या पानावर तीन कॉलम जागा मिळाली.

साडेबाराच्या सुमारास खालून फोरमनकाकांची हाक आली, "साहेब, आठ ओळी जास्त होतायत."

मी जागेवरूनच म्हणालो, "खालून काढा."

आमच्या धंद्यात ही रीतच होती. महत्त्वाचं ते वर लिहायचं, त्याहून कमी ते खाली. म्हणजे जागा कमी पडली तर विचार न करता शेवट छाटता येतो. काकांनी गॅलीतून, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या तबकातून, शिशाच्या आठ ओळी उचलल्या आणि बाजूला ठेवल्या. सकाळी त्यातले खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणांत गेले असणार. यात चूक काही झाली आहे असं मला तेव्हा मुळीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी आईला ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. आई तांदूळ निवडत होती. तिने सगळी बातमी शेवटपर्यंत ऐकली, सूप बाजूला केलं आणि विचारलं, "मंग त्या लोकांना धान्य भेटलं का?"

मी पुन्हा कागदावर नजर फिरवली. बातमीत ते नव्हतं. ते त्या आठ ओळींत होतं.

आईने हाच प्रश्न का विचारावा, याला कारण आहे. आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, पावसाच्या सावलीतलं. बहात्तरच्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. आकडा मोठा आहे म्हणून तो डोळ्यांसमोर येत नाही. मला फक्त आमच्या बांधावरची ओळ दिसते. उन्हात बसलेल्या बाया, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या, हातोड्यांचा एकसुरी आवाज. मी अकरा-बारा वर्षांचा, शाळा सुटली की पाण्याची कळशी घेऊन तिकडे जायचो. लहान पोरांना सुकडी वाटायचे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, गार झाली की तुटायची. ती कोणी पाठवली, तिकडे तिच्याबद्दल काय छापून आलं, आम्हाला कधी कळलं नाही. आम्हाला फक्त तिची चव माहीत होती.

एक दिवस कामावर जीप आली. दोन साहेब उतरले, एकाच्या गळ्यात कॅमेरा. मुकादमाने बायांना पुन्हा नीट बसवायला सुरुवात केली. अंगावर पोर असलेल्या, हडकलेल्या बाया पुढे, बाकीच्या मागे. आईला त्याने हाताला धरून मागे सारलं. दिवाळीच्या भाऊबीजेला मामाने दिलेलं लुगडं ती त्या दिवशी नेसली होती, कारण दुसरं धुवायला पाणी नव्हतं. आई ही गोष्ट मरेपर्यंत सांगायची. तिच्या आवाजात राग नसायचा, नवल असायचं. "लुगडं चांगलं होतं म्हणून मी दुष्काळात बसंना झाले," असं ती म्हणायची.

तो फोटो कुठे छापला गेला का, मी पुढे कितीदा शोधलं. सार्वजनिक वाचनालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली काढून बसलो. तसे फोटो बरेच सापडले. त्यांत आमचा बांध नाही, आणि एकाही फोटोखाली एकाही बाईचं नाव नाही.

आता मामाबद्दल. मामा नाशिकरोडला प्रेसमध्ये होता. आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की भारत प्रतिभूती मुद्रणालय. देशाची टपाल तिकिटं तिथे छापतात. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं जीव घेऊन भारतात आली. त्यांच्या खर्चासाठी सरकारने त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसवला. आधी कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच वरून 'शरणार्थी सहायता' असा ठसा मारून ते वापरलं. मग डिसेंबरमध्ये खास तिकीट निघालं. ते नाशिकरोडला छापलं गेलं. मामा सांगायचा, त्या दिवसांत तिन्ही पाळ्या भरून काम चालायचं. हा आकार ३१ मार्च १९७३ पर्यंत होता.

मामा गेल्यावर त्याच्या ट्रंकेत एक पाकीट सापडलं. वर आईचं चौथीपर्यंत शिकलेलं, ओळीत न राहणारं अक्षर. शिक्का जानेवारी १९७३ चा. आणि नेहमीच्या तिकिटाशेजारी ते पाच पैशांचं छोटं तिकीट. म्हणजे ज्या महिन्यात आई खडी फोडत होती, मिलो खात होती, मुकादम तिला मागे सारत होता, त्याच महिन्यात ती बांगलादेशातून आलेल्या माणसांसाठी मजुरीतले पाच पैसे देत होती. आकार सक्तीचा होता, हे खरं. पण मी तिला एकदा त्याबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, पोस्टमास्तरने सांगितलं पैसे कशाचे ते, आणि मला बरं वाटलं.

त्याच शरणार्थ्यांसाठी १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी मैफल केली. रविशंकर बंगाली, घरची माणसंच उघड्यावर पडली असं त्यांना वाटलं आणि त्यांनी मित्राला गळ घातली. एका दिवसात दोन खेळ, मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते. सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ. वाद्यं जुळवून होताच तिथल्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा रविशंकरांनी हसून सांगितलं की जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा जगभर पोहोचला. तिकीटविक्रीचे जवळजवळ २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. त्यानंतर ध्वनिमुद्रिका निघाली, चित्रपट निघाला, त्यातून कितीतरी जास्त पैसा जमला, आणि तो अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षं अडकून राहिला. कार्यक्रम करण्याआधी तो धर्मादाय म्हणून कायदेशीरपणे नोंदवून घेतलेला नव्हता, एवढ्या एका कारणाने. मैफलीची बातमी पहिल्या पानावर होती. पैसा अडकल्याची बातमी आतल्या पानांवर, आणि अडकलेला पैसा सुटल्याची त्याहून आत.

मी हे त्या मैफलीला कमी लेखायला सांगत नाही. तिथे वाजलेल्या सतारीने बांगलादेश हे नाव अमेरिकेतल्या घराघरात नेलं, ते कुठल्या सरकारी पत्रकाने झालं नसतं. पण नाशिकरोडच्या यंत्रावर छापलेल्या आणि देशभरच्या पाकिटांवर चिकटलेल्या त्या चिमुकल्या तिकिटाची आठवण आज तिकिटं जमवणारे सोडले तर कोणाला आहे? ते देणं इतकं पसरलेलं होतं की त्याला रंगमंच नव्हता, म्हणून त्याची बातमीही नव्हती.

मदतीच्या मोठ्या कार्यक्रमांना नाकं मुरडणारे खूप भेटतात. गोरगरिबांच्या नावावर स्वतःचं नाव करून घेतात, असं सहज बोललं जातं. मला ते पटत नाही, आणि मोहम्मद अमीनमुळे तर मुळीच पटत नाही. नैरोबीत जन्मलेला हा कॅमेरामन. ऑक्टोबर १९८४ मध्ये तो बीबीसीच्या मायकल बर्कबरोबर इथिओपियात कोरेमला पोहोचला. पहाटेच्या धुक्यात माळरानावर हजारो माणसं अंगावर फडकी घेऊन बसलेली, आणि त्यांच्यात रात्री मेलेली. ती चित्रफीत २३ ऑक्टोबरला दाखवली गेली आणि तिथून सगळं फिरलं. गेल्डॉफने ती घरी टीव्हीवर पाहिली. नाताळच्या तोंडावर गाणं निघालं, त्यातून पुढचा उन्हाळ्यातला कार्यक्रम उभा राहिला. दुष्काळ त्याच्या कितीतरी आधीपासून होता. माणसं आधीही मरत होती. जगाने पाहिलं ते अमीनने कॅमेरा स्थिर धरला तेव्हा. पुढे १९९१ मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या स्फोटाचं चित्रण करताना त्याचा एक हात गेला, तरी कृत्रिम हात बसवून तो काम करत राहिला. १९९६ मध्ये अपहरण झालेलं विमान समुद्रात कोसळलं, त्यात तो गेला.

आणखी एक माणूस मला महत्त्वाचा वाटतो, कॅनडाचा पत्रकार ब्रायन स्टुअर्ट. 'लाइव्ह एड'च्या पडद्यावर त्याच्या चमूने टिपलेला एका मरणासन्न मुलीचा चेहरा दाखवला गेला आणि मैदान स्तब्ध झालं. कोट्यवधी लोकांनी तो चेहरा पाहिला. ती मेली असं सगळ्यांनी धरून चाललं. स्टुअर्टने मात्र काही वर्षांनी परत जाऊन तिला शोधून काढलं. ती जगली होती. तिचं नाव बिरहान वोल्दू. तिने शेतीचं शिक्षण घेतलं, आणि २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये तशाच दुसऱ्या मोठ्या कार्यक्रमात ती स्वतःच्या पायांनी मंचावर आली. मधली वीस वर्षं! पहिल्या बातमीला जगभरचे कॅमेरे होते, दुसरीसाठी एका माणसाला स्वतःहून परत जावं लागलं. पाठपुरावा हा शब्द आम्ही संपादकांच्या बैठकीत रोज वापरायचो. त्याचा खरा अर्थ मला या माणसाकडे पाहून कळला.

त्याच काळातली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. ते नाताळचं गाणं इंग्लंडच्या दुकानांत आलं, त्याच आठवड्यात, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळला वायू सुटला. हजारो माणसं झोपेत, रस्त्यावर, रेल्वे फलाटावर गेली. मी तेव्हा उमेदवारी करत होतो. त्या आठवड्यात भोपाळच्या बातम्या लिहून सगळ्यांचे हात दुखले. भोपाळसाठी वेम्बली भरलं नाही. दुष्काळ आभाळातून पडला असं म्हणता येतं, तिथे कोणाकडे बोट न दाखवता गाता येतं. इथिओपियाच्या दुष्काळामागेही युद्ध होतं, सत्तेचं राजकारण होतं, पण गाण्याच्या वेळी ते बाजूला ठेवता आलं. भोपाळमध्ये कारखाना होता, मालक होता, आणि त्या मालकाचा देश गाणाऱ्यांच्या देशांपैकीच होता. जगाचं लक्ष कुठे थांबतं आणि कुठून पुढे सरकतं, याला काही नियम असेल तर तो एवढाच मला दिसला आहे.

हे सगळं लांबचं वाटेल, म्हणून आमच्या गोदेकडे येतो. नाशिककर पुराची उंची नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला आलं, छातीशी पोहोचलं, हीच आमची मापं. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या रविवारी पाणी चढत गेलं तसे वाहिन्यांचे कॅमेरे पुलावर दाटत गेले. त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगली बुडाली, आणि कॅमेरे योग्यच, तिकडे गेले. पाणी उतरलं तेव्हा सराफ बाजार आणि भांडी बाजारात गुडघाभर चिखल होता. चिखल उपसायला पुढे कितीतरी दिवस लागले. त्या दिवसांचं चित्रण कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

आणि शेंद्रीपाडा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातला हा आदिवासी पाडा. तास नदीच्या खोल घळीवर लाकडी बल्ल्या आडव्या टाकलेल्या आणि त्यांच्यावरून तोल सांभाळत, डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बाया. २०२२ च्या सुरुवातीला हे फोटो देशभर फिरले. मंत्री आले, लोखंडी पूल बसला, त्याचेही फोटो फिरले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात नदीला पूर आला आणि पूल पाण्याने नेला. ती बातमीही आली, कारण मोडलेला पूल ही बातमी असते. मी निवृत्त झालो होतो. नंतरच्या एका हिवाळ्यात, कसलीच बातमी नसताना, एका मित्राच्या गाडीतून त्या भागात गेलो. एका पाड्यावर पाणी घेऊन येणारी एक बाई वाटेत थांबली. मला वरपासून खालपर्यंत पाहून तिने विचारलं, "तुम्ही कशाला आले? आता तर काही झालेलं नाही."

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीतरी पुटपुटलो असेन. परतताना हरसूलच्या घाटात आम्ही दोघं गप्प होतो.

पंच्याऐंशीच्या त्या सकाळनंतर मी एक वही ठेवायला लागलो होतो. साधी शंभर पानी वही, पुढे तिच्या अकरा झाल्या. कुठे मदतीचा कार्यक्रम झाला, निधी जमला, धनादेश सुपूर्द करतानाचा फोटो आला, की वहीत सहा महिन्यांनंतरची तारीख लिहायची आणि त्या तारखेला फोन करायचा. कालिदास कलामंदिरात पूरग्रस्तांसाठी झालेली गाण्यांची संध्याकाळ असो की किल्लारीच्या भूकंपानंतर नाशिकमधून गेलेले ट्रक. सुरुवातीला वार्ताहर मंडळी वैतागायची. जुनं कशाला उकरता, म्हणायची. बऱ्याचदा फोनवर चांगलंच कळायचं. ब्लँकेटं पोहोचली होती, शाळेची खोली उभी राहिली होती, मुलं त्यात बसत होती. ते छापायला मला चार ओळींची जागा मागावी लागायची. चांगलं घडलेलंसुद्धा जुनं झालं की त्याला जागा मिळत नाही, हे मला त्या वह्यांनी शिकवलं. काही वेळा फोन उचलणाऱ्याला निधीच आठवत नसे. त्याही ओळी मी मागून घेऊन छापल्या.

आई १९९८ मध्ये गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला त्या दिवशी सकाळीच, तोंडी, दिलं होतं. टेलिप्रिंटरचा मूळ कागद मी ऑफिसातून परत शोधून आणला आणि तिला वाचून दाखवला. पण छापलेलं दाखवायचं राहून गेलं. तो कागद कधीच विटून गेला. मी केलेली मराठी मात्र मला पाठ आहे, त्या काळच्या आमच्या वर्तमानपत्री भाषेत:

'दरम्यान, मदतीचे धान्य इथिओपियाच्या अस्साब बंदरात मोठ्या प्रमाणावर येऊन पडले असून, ते अंतर्भागातील दुष्काळी छावण्यांपर्यंत नेण्यासाठी पुरेसे ट्रक उपलब्ध नाहीत. पावसाळा सुरू झाल्याने उघड्यावरील धान्य भिजण्याची भीती आहे. जमलेल्या निधीतून प्रथम ट्रक घ्यावेत, अशी मागणी मदतकार्यातील कार्यकर्त्यांनी केली आहे. छावण्यांमध्ये लोक अद्याप धान्याची वाट पाहत आहेत.'